एक जलरंगाची पेटी आणि शाळेतले अनेक विषय

शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेच्या तासाला सहसा उरलेली जागा मिळते आणि परीक्षा जवळ आल्या की तो तास सर्वांत आधी गणिताला किंवा विज्ञानाला देऊन टाकला जातो. चित्रकला ही अभ्यासानंतरची विश्रांती आहे, असे गृहीत धरल्यामुळे हे घडते. याच्या उलट टोकाला ‘कलेतून शिक्षण’ या नावाखाली वनस्पतिपेशीची छापील बाह्यरेषा मुलांच्या हाती दिली जाते आणि त्यात रंग भरायला सांगितले जाते. रंग भरून झाल्यावर कागद सुंदर दिसतो, परंतु मुलाला पेशीविषयी एकही नवी गोष्ट कळलेली नसते. मला या दोन्ही वाटा मान्य नाहीत. मुलांबरोबर जलरंग घेऊन बसताना मला वारंवार जाणवत आले आहे की, या माध्यमात शाळेचे विषय बाहेरून आणून चिकटवावे लागत नाहीत. पाणी, रंगद्रव्य, डिंक आणि कागद या चार वस्तू एकमेकांशी जशा वागतात, त्या वागण्यातच भौतिकशास्त्र, गणित आणि भूगोल यांचा मोठा भाग आधीपासून असतो. मोठ्यांनी फक्त मुलाला थांबून पाहायला आणि ‘हे असे का झाले?’ असे विचारायला सवड द्यायची असते.

हे काम जलरंगानेच का करावे, हा प्रश्न रास्त आहे. मेणाचा खडू जिथे टेकवावा तिथेच राहतो. पोस्टर कलर अपारदर्शक असल्यामुळे न आवडलेला भाग झाकता येतो. जलरंगाचे तसे नाही. तो पारदर्शक असतो, खालचा थर वरच्या थरातून दिसत राहतो, आणि चित्रातला पांढरा म्हणजे न रंगवलेला कागद असतो. म्हणून ढग पांढरा हवा असेल, तर ढगाची जागा आभाळ रंगवण्यापूर्वीच राखून ठेवावी लागते. फिकट थर आधी आणि गडद थर नंतर, हा क्रम मोडता येत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला शेवटाचा विचार करून सुरुवात ठरवावी लागते आणि मधल्या पायऱ्या मनात मांडाव्या लागतात. गणितातले अनेक पायऱ्यांचे उदाहरण सोडवतानाही याच क्षमतेची गरज असते, पण तिथे ती कमी पडली तर मुलाला फक्त चुकीचे उत्तर दिसते. इथे पायरी कुठे सुटली, ते कागदावर डोळ्यांसमोर राहते.

सर्वांत अधिक आशय विज्ञानाच्या बाजूला आहे. कोरड्या कागदावर भरल्या ब्रशने एक ठिपका द्यावा आणि शेजारी ओल्या केलेल्या कागदावर तसाच दुसरा ठिपका द्यावा. पहिला आपल्या कडेला धरून फुगीर उभा राहतो, कारण पृष्ठताण त्याला आवरून धरतो, तर दुसरा सगळ्या दिशांना पसरत जातो. पुस्तकात केशाकर्षण शिकवताना बारीक काचनळीची आकृती असते. कागदाच्या तंतूंमधल्या पोकळ्याही त्याच तत्त्वाने पाणी ओढतात, आणि इथे रंगामुळे पाण्याचा प्रवास दिसतो. मग कागदाचे प्रकार बदलून पाहावेत. वहीचा गुळगुळीत कागद, वर्तमानपत्राचा कागद आणि जाड जलरंगाचा कागद यांवर एकाच आकाराचा थेंब किती वेळात किती पसरतो, हे मोजपट्टीने मोजले की प्रयोगवहीत लिहिण्याजोगे कोष्टक तयार होते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकीच्या स्थिर ठेवायच्या, हा प्रयोगाचा मूळ नियम मुलांना अशा वेळी सांगावा लागत नाही. थेंबाचा आकार बदलला तर तुलना फसते, हे त्यांनाच उमगते.

त्याच कोरड्या कागदावरचा ठिपका वाळल्यावर त्याच्या कडेला गडद रेघ उमटते. मुले हे नेहमी पाहतात, पण प्रश्न क्वचितच विचारतात. १९९७ साली शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात या घटनेचा खुलासा प्रसिद्ध केला. थेंबाची कड कागदाला चिकटून जागीच राहते आणि कडेजवळचे पाणी लवकर वाफ होऊन जाते. ती तूट भरून काढण्यासाठी मधले पाणी बाहेरच्या दिशेने वाहते आणि वाहताना रंगाचे कण कडेपर्यंत नेऊन सोडते. इतकी साधी दिसणारी गोष्ट व्यवस्थित समजायला विसावे शतक संपत यावे लागले, हे मुलांना अवश्य सांगावे. विज्ञानातले सगळे शोध पूर्वीच लागून गेले आहेत, अशी पाठ्यपुस्तकांमुळे होणारी समजूत त्याने थोडी हलते.

ओलसर रंगावर मिठाचे खडे टाकले की प्रत्येक खडा भोवतीचे पाणी ओढून घेतो आणि फिकट चांदण्या उमटतात. मेणाच्या खडूने काढलेल्या रेघेवरून पाणी निसटून जाते आणि रेघ कोरी राहते. हे दोन प्रयोग मुलांना फार आवडतात, परंतु त्यांचा उपयोग बहुतेक ठिकाणी गंमत म्हणूनच संपतो. मला त्याहून मोलाचा वाटतो तो दाणेदार रंगांचा अनुभव. काही रंगद्रव्यांचे कण तुलनेने मोठे किंवा जड असतात. अल्ट्रामरीन निळा हे त्याचे सहज मिळणारे उदाहरण आहे. खरखरीत कागदावर त्याचा पातळ थर दिला की कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि उंचवटे फिकट राहतात. बोर्ड तिरका धरला तर पाणी खाली वाहते आणि जिथे त्याचा वेग मंदावतो, तिथे कण साचतात. नदी आपला गाळ कुठे टाकते आणि मुखाशी त्रिभुज प्रदेश कसा बनतो, हे शिकवण्यापूर्वी मुलाने हे पाहिले असेल तर पुढचा धडा निम्मा सोपा होतो. द्रावण आणि निलंबन यांतला फरकही येथेच दाखवता येतो. भांड्यात मीठ विरघळते आणि पुन्हा खाली बसत नाही, परंतु रंगाचे पाणी रात्रभर स्थिर ठेवले तर तळाशी थर दिसतो.

रंगांच्या मिश्रणाविषयी शाळेत एक वाक्य पाठ करून घेतले जाते की, निळा आणि पिवळा मिळून हिरवा होतो. मुलाला दोन वेगळे निळे द्यावेत, एक जांभळ्याकडे झुकणारा अल्ट्रामरीन आणि दुसरा हिरव्याकडे झुकणारा प्रशियन निळा. एकाच पिवळ्यात ते आळीपाळीने मिसळले की एकातून मळकट, शेवाळी हिरवा येतो आणि दुसऱ्यातून स्वच्छ, ठसठशीत हिरवा. म्हणजे पाठ केलेले वाक्य अपुरे आहे. निळे रंगद्रव्य प्रामुख्याने तांबड्याच्या बाजूचा प्रकाश शोषून घेते, पिवळे रंगद्रव्य निळ्या-जांभळ्या बाजूचा, आणि दोघांच्या तावडीतून जो सुटतो तो हिरवा आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. वेगवेगळ्या निळ्यांची शोषणाची सवय थोडी वेगळी असल्यामुळे हिरवेही वेगळे येतात. प्रत्येक मिश्रणात काही प्रकाश वजा होत असल्यामुळे पाच-सहा रंग एकत्र कालवले की चिखलासारखा तपकिरी होतो. त्याउलट प्रकाशाचे झोत एकमेकांवर टाकले की ते पांढऱ्याकडे जातात. न्यूटनने १७०४ साली ज्या ग्रंथात रंगांचे वर्तुळ मांडले, त्यात तो प्रकाशाविषयी बोलत होता. पेटीतल्या रंगांचा नियम वेगळा का, या प्रश्नावर सातवी-आठवीची मुले बराच वेळ गुंतून राहू शकतात.

गणितासाठी मला दोन कृती विशेष आवडतात. पहिली मिश्रणतक्त्याची. सहा रंग घेऊन सहा आडव्या आणि सहा उभ्या ओळींचा चौकट-तक्ता आखायचा. छत्तीस घरांपैकी कर्णावरच्या सहा घरांत शुद्ध रंग येतात. उरलेल्या तीस घरांत प्रत्येक जोडी दोनदा येते, म्हणून वेगवेगळ्या जोड्या पंधराच. तक्ता कर्णाभोवती सममित आहे, हे मुले रंगांवरून ओळखतात. पुढे ‘सात रंग घेतले तर जोड्या किती?’ असे विचारले की बरीच मुले सूत्राशिवाय एकवीसपर्यंत पोहोचतात, कारण नवा रंग आधीच्या सहांपैकी प्रत्येकाशी एकेक जोडी करणार, हे त्यांना दिसत असते.

दुसरी कृती पातळपणाची आहे. गडद रंगाचे आठ थेंब एका खाचेत, शेजारी सात थेंब आणि एक थेंब पाणी, मग सहा आणि दोन, असे करत एका थेंबापर्यंत यायचे आणि प्रत्येकाचा पट्टा ओढायचा. पायऱ्या समान असूनही पट्टे समान अंतराने फिकट होताना दिसत नाहीत. गडद टोकाला आठ आणि सात यांत फरक कळत नाही, तर फिकट टोकाला दोन आणि एक यांत तो ठळक दिसतो. नंतर दुसरी मालिका करायची, ज्यात दर वेळी तीव्रता निम्मी करायची, म्हणजे एक, एक द्वितीयांश, एक चतुर्थांश, एक अष्टमांश. हे पट्टे डोळ्यांना अधिक समान अंतरावरचे वाटतात. आपला डोळा वजाबाकीपेक्षा गुणोत्तराकडे अधिक लक्ष देतो, हे मुलाच्या ध्यानात येते, आणि अंकगणिती व भूमिती श्रेढीतला भेद त्याने नावे शिकण्याच्या कितीतरी आधी पाहिलेला असतो. अपूर्णांकांची भीती बाळगणारी मुले या कृतीत ‘अष्टमांश’ हा शब्द अगदी सहज वापरू लागतात.

कागदाच्या वेष्टनावर लिहिलेल्या आकड्याचाही उपयोग करावा. जलरंगाचा चांगला कागद बहुधा ३०० ग्रॅमचा असतो, म्हणजे त्याच्या एक चौरस मीटर तुकड्याचे वजन ३०० ग्रॅम भरते. ए-४ आकाराचे सोळा कागद मिळून जवळजवळ एक चौरस मीटर होतो. मग एका ए-४ कागदाचे वजन किती? उत्तर १८.७५ ग्रॅम येते आणि लहान काट्यावर ते पडताळून पाहता येते. लगेच तपासता येणारी अशी उदाहरणे गणिताच्या पुस्तकात फारशी भेटत नाहीत.

फिकटपणाच्या मघाच्या मालिकेतून भूगोलाकडे जाणारी एक सुंदर ऐतिहासिक वाट आहे. स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञ होरास-बेनेडिक्ट द सोस्यूर याने १७८९ साली ‘सायनोमीटर’ नावाचे एक उपकरण तयार केले. पांढऱ्यापासून गडद निळ्यापर्यंत आणि पुढे काळ्यापर्यंत जाणाऱ्या पन्नासहून अधिक छटा त्याने कागदाच्या तुकड्यांवर रंगवल्या आणि ते तुकडे वर्तुळाकार मांडले. हे वर्तुळ आभाळासमोर धरायचे, जुळणारी छटा शोधायची आणि तिचा क्रमांक नोंदवायचा. उंच पर्वतावर आभाळ अधिक गडद निळे दिसते, हे त्याला या साधनाने आकड्यांत मांडता आले. पुढे जर्मन निसर्गशास्त्रज्ञ आलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट दक्षिण अमेरिकेच्या प्रवासात सायनोमीटर घेऊन गेला. मुलांनी दहा-बारा छटांचे असे वर्तुळ स्वतः रंगवावे आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ आभाळाची नोंद ठेवावी. माथ्यावरचे आभाळ क्षितिजाजवळच्या आभाळापेक्षा गडद का, पावसानंतर निळा रंग का खुलतो, धूळ वाढली की क्रमांक का घसरतो, हे प्रश्न आपोआप येतात. हवेतल्या रेणूंकडून निळ्या प्रकाशाचे विकिरण, म्हणजे विखुरणे, अधिक होते, हे उत्तर मग कोरडे राहत नाही. दूरचे डोंगर फिकट आणि निळसर रंगवायचे, ही चित्रकलेतली सूचनाही त्याच कारणाशी जाऊन मिळते.

नकाशांच्या बाबतीत इंग्लंडमधील भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम स्मिथचे उदाहरण मला अतिशय मोलाचे वाटते. त्याने १८१५ साली इंग्लंड आणि वेल्सच्या भूस्तरांचा मोठा नकाशा प्रसिद्ध केला. त्याच्या प्रती छापल्यानंतर हाताने जलरंगात रंगवल्या जात. प्रत्येक खडकस्तराला एक रंग दिलेला होता, आणि स्तराच्या तळाची कड गडद ठेवून तो रंग पुढे फिकट करत नेला होता. त्यामुळे कोणता स्तर कोणावर टेकला आहे, हे सपाट कागदावरही वाचता येत असे. गडदाकडून फिकटाकडे जाणारा एकसंध वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पसरट थर, मुलांना फक्त आभाळासाठी शिकवला जातो, परंतु त्याच वॉशने एका माणसाने जमिनीखालची रचना दाखवली. ही हकीकत ऐकलेल्या मुलाकडून कागदावर एखाद्या टेकडीचा उंचीनुसार रंगवलेला नकाशा करून घेतला, तर समोच्चरेषा (समान उंचीची ठिकाणे जोडणारी रेषा) म्हणजे काय, हे पुन्हा समजावण्याची गरज सहसा पडत नाही.

जीवशास्त्रात जलरंगाचे काम निरीक्षणाचे आहे. निसर्ग अभ्यासक आणि चित्रकार मारिया सिबिला मेरियान १६९९ साली दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली आणि तिथल्या कीटकांची चित्रे तिने १७०५ मध्ये प्रसिद्ध केली. एकाच चित्रात अळी, कोश, फुलपाखरू आणि ती अळी ज्यावर जगते ती वनस्पती अशी तिची मांडणी असे. कीटक आणि त्याचा अधिवास वेगळे काढता येत नाहीत, हा विचार त्या मांडणीतच होता. रंगीत छायाचित्रण सर्रास होण्यापूर्वी अमेरिकेच्या कृषी खात्यानेही १८८६ पासून फळांच्या जातींची नोंद जलरंगात करून घेतली, आणि त्या संग्रहात साडेसात हजारांहून अधिक चित्रे आहेत. त्यात कापलेली, किडलेली आणि डागाळलेली फळेही आहेत, कारण ती चित्रे ओळख पटवण्यासाठी होती. मुलांना एकच पान द्यावे आणि ते ‘सुंदर’ न काढता ‘ओळखता येईल असे’ काढायला सांगावे. शिरा समोरासमोर फुटतात की आळीपाळीने, कड दातेरी आहे का, वरच्या आणि खालच्या बाजूच्या हिरव्यात फरक किती, हे पाहिल्यावाचून ब्रश पुढे जातच नाही. पानाचा हिरवा पेटीतल्या तयार हिरव्यासारखा कधीच नसतो, आणि तो जुळवण्यासाठी पानाकडे पुनःपुन्हा पाहावे लागते.

इतिहासासाठी पेटीतली प्रत्येक वडी हा एक दुवा आहे. अल्ट्रामरीन पूर्वी अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतल्या लाजवर्द दगडापासून मिळत असे आणि युरोपात तो अतिशय महाग होता. स्वस्त कृत्रिम पर्यायासाठी फ्रान्समध्ये १८२४ साली सहा हजार फ्रँकचे बक्षीस जाहीर झाले आणि १८२८ मध्ये ते रसायनतज्ज्ञ झाँ-बाप्तिस्त गिमे याला मिळाले. प्रशियन निळा १७०६ च्या सुमारास बर्लिनमध्ये लाल रंग करण्याच्या प्रयत्नात अनपेक्षितपणे हाती लागला, आणि आज तोच पदार्थ थॅलियम व किरणोत्सारी सीझियमच्या विषबाधेवर औषध म्हणून दिला जातो. रंगाचे कण कागदाला धरून ठेवणारा डिंक आफ्रिकेतल्या बाभळीच्या कुळातील झाडांपासून येतो आणि त्याच्या व्यापारात सुदानचे स्थान मोठे आहे. इंग्लंडमधील रंग बनवणाऱ्या रीव्ह्ज बंधूंना जलरंगाच्या सुबक वड्यांसाठी १७८१ साली पारितोषिक मिळाले. अशा वड्यांमुळे रंग खिशात घालून प्रवासाला नेणे सोपे झाले. छायाचित्रणापूर्वीचे सर्वेक्षक आणि निसर्ग अभ्यासक आपल्या नोंदी जलरंगात का करत, याचे उत्तर या सोयीत आहे. खाण, व्यापार, रसायन आणि प्रवास हे चार धडे एका निळ्या वडीभोवती गुंफता येतात.

भाषेसाठी एकच कृती सांगते, कारण ती पुरेशी आहे. एका मुलाला मिश्रणाचा एक पट्टा द्यावा आणि तो रंग असा लिहून काढायला सांगावे की, पट्टा न पाहता दुसऱ्या मुलाला तो तयार करता यावा. ‘छान हिरवा’ या वर्णनाने काहीही साधत नाही. मग ‘कोवळ्या पानासारखा, पण थोडा राखाडी, पाणी जास्त घातलेला’ अशी वाक्ये येऊ लागतात. दोन्ही पट्टे शेजारी ठेवले की वर्णनात काय राहून गेले, ते लिहिणाऱ्यालाच कळते, आणि तो न सांगता पुनर्लेखन करतो. लेखनाचा असा निःपक्षपाती परीक्षक शाळेत दुसरा मिळणार नाही.

सगळेच विषय जलरंगातून शिकवता येतात, असा माझा दावा नाही. व्याकरणाचे नियम, सनावळी, पाढे यांना त्यांचे स्वतःचे मार्ग आहेत आणि तिथे रंग आणले की पुन्हा छापील बाह्यरेषांकडेच जाणे होते. शिवाय प्रत्येक चित्राचा धडा करणे हा मुलांवर अन्याय आहे. मुलाला आभाळ फक्त रंगवावेसे वाटत असेल, तर त्या दिवशी विकिरणाचा विषय काढू नये. मी साधारणपणे प्रयोगाचा कागद आणि चित्राचा कागद वेगळे ठेवते. पहिल्यावर प्रश्न विचारायचे, मोजायचे, लिहायचे, आणि दुसऱ्यावर मुलाने मागितल्याशिवाय काहीही बोलायचे नाही.

साहित्याच्या बाबतीत थोडेसे रंग, पण कागद चांगला, असा क्रम असावा. दोन पिवळे, दोन लाल, दोन निळे एवढे सहा रंग वर सांगितलेल्या सर्व मिश्रणांना पुरतात. हलका कागद पाणी लागताच फुगतो, त्याच्या खळग्यांत रंग साचतो आणि मुलाला वाटते की आपला हात वाईट आहे. तीनशे ग्रॅमचा कागद छोटे तुकडे करून वापरला तर तो पुरवूनही वापरता येतो. रंग मुलांसाठी सुरक्षित असल्याची खूण वेष्टनावर पाहून घ्यावी आणि ब्रश तोंडात घालून टोक काढण्याची सवय पहिल्या दिवसापासून लागू देऊ नये. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत आर्सेनिकयुक्त हिरवे रंग सर्रास विकले जात होते, ही माहिती मोठ्या मुलांना दिली की ती हा नियम मनापासून पाळतात.

मूल्यमापन करायचेच असेल, तर पूर्ण झालेल्या चित्राला गुण देऊ नयेत. चित्राच्या समासात आणि मागच्या बाजूला मुलाने केलेल्या रंगांच्या चाचण्या पाहाव्यात. किती प्रयत्नांनंतर हवा तो हिरवा सापडला, दुसरा प्रयत्न पहिल्यापेक्षा कोणत्या दिशेने बदलला, पट्ट्याखाली प्रमाण लिहिले आहे का, हे तिथे वाचता येते. या चाचण्यांचे कागद तारीख घालून एका फाइलमध्ये लावत जावेत, आणि सत्राच्या शेवटी मुलाने ते पालकांना स्वतः समजावून सांगावेत.